त्यागानंतरचा शोध : मराठी आत्मपर लेखनातील धर्मजीवनाचे दुसरे पर्व

१. विषयप्रवेश

मराठीतील धर्मांतरविषयक आत्मपर लेखनाचा अभ्यास आपल्याकडे प्रामुख्याने एका प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे. अमुक व्यक्तीने आपला परंपरागत धर्म का सोडला, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर कधी सामाजिक अन्यायात, कधी मिशनरी प्रभावात, कधी व्यक्तीच्या मानसिक घडणीत शोधले जाते. हा प्रश्न महत्त्वाचा आहे यात शंका नाही. परंतु त्यामुळे दुसरा प्रश्न झाकोळला गेला आहे. जो समूह जन्मापासून खाणेपिणे, वस्त्र, विवाह आणि अंत्यविधी ठरवून देत होता, तो सोडल्यानंतर त्या व्यक्तीचे धर्मजीवन पुढे कसे चालले? नव्या समूहात प्रवेश होताच शोध संपला काय?

प्रस्तुत निबंधात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२), नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) व लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६), आणि धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांच्या उदाहरणांवरून या दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे. रमाबाई, नारायण वामन टिळक व कोसंबी या तिघांच्याही जीवनात त्याग एकदा नव्हे, तर दोनदा घडला. पहिला त्याग जन्मजात समूहाचा. दुसरा त्याग ज्या समूहाने आश्रय दिला, त्याच्या अधिकाराचा. आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, पहिल्या त्यागाची कथा आत्मकथनात सांगितली गेली. दुसऱ्या त्यागानंतरचा शोध मात्र बहुतांशी आत्मकथनाबाहेर, भाषांतर, ओवी-अभंग, चरित्र आणि वैचारिक प्रबंध या प्रकारांत व्यक्त झाला. हे प्रतिपादन स्वीकारले, तर या लेखकांचे वाचन आपण जिथे थांबवतो तिथे ते थांबवता येणार नाही.

२. समूहाची पकड

प्रथम ‘समूह सोडणे’ या कृतीचा त्या काळातील अर्थ ध्यानात घेणे आवश्यक आहे. मुळशी तालुक्यातील मुठा खोऱ्यातून उतरणारी नदी ज्या शहरातून वाहते, त्या पुण्यातीलच एक उदाहरण पुरेसे आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहाबिस्किटे घेतली. त्यांची नावे प्रसिद्ध झाली आणि प्रकरण शंकराचार्यांच्या प्रतिनिधींपुढील चौकशीपर्यंत गेले. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताचा प्रश्न चुकला नाही. कोणीही आपली श्रद्धा बदलली नव्हती. बदलला होता तो केवळ चहाचा पेला. समूहाची पकड श्रद्धेवर असते त्याहून अधिक आचारावर, आणि विशेषतः अन्नपाण्यावर असते, हे या घटनेतून दिसते.

त्यामुळे समूह सोडणाऱ्यापुढे दोन प्रकारचे काम उभे राहते. एक, नवी श्रद्धा समजून घेणे. दुसरे, शरीरात मुरलेला जुना आचार नव्याने तपासणे. पहिले काम बुद्धीला फार लवकर जमते. दुसऱ्याला वर्षे लागतात. आपली धर्मांतरविषयक समीक्षा पहिल्या कामाचीच दखल घेते.

या समीक्षेचा नमुना बाबा पदमनजी यांच्या ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्राने घालून दिला असे म्हणता येईल. शीर्षकातील रूपकच कथनाची दिशा सांगते : अंधार, संशय, पहाट आणि प्रकाश. परमहंस सभेतील सहभागासह निवेदकाचे सर्व पूर्वायुष्य १८५४ मधील बेळगाव येथील बाप्तिस्म्याकडे ओढले जाते. या रचनेचे वाङ्मयीन मूल्य मोठे आहे. मराठी गद्यात आत्मपरीक्षणाची एक पद्धतच तिने रुजविली. परंतु तीत प्रवास एकरेषीय आहे आणि त्याला मुक्काम आहे. पुढे विचारात घेतलेल्या लेखकांचे जीवन या रेषेत बसत नाही.

३. पंडिता रमाबाई : जोखड आणि भाषा

रमाबाईंचे बालपण अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांत गेले. पित्याने पत्नीला व कन्येला संस्कृत शिकविले, हे परंपरेविरुद्धचे पाऊल होते. उरलेला आचार मात्र कर्मठच होता. दुष्काळात आईवडिलांचा अंत झाला, व्रतवैकल्यांवरचा विश्वास डळमळला, आणि १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचलेल्या या तरुण विदुषीचा ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरव झाला. पुढे ब्राह्मो विचारांशी परिचय, १८८० मधील आंतरजातीय विवाह, १८८२ मधील वैधव्य, त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा, असा हा वेगवान क्रम आहे.

सामान्यतः चरित्रकथनाचा पहिला अंक येथे संपतो, आणि दुसरा अंक ‘शारदा सदना’च्या सामाजिक कार्याने सुरू होतो. मध्ये जे घडले ते सिस्टर जेराल्डीन व इतरांशी झालेल्या पत्रव्यवहारात आहे. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाने तो ग्रंथरूपाने उपलब्ध झाला. या पत्रांतील रमाबाई नवदीक्षित शिष्येच्या भूमिकेत बसत नाहीत. त्रैक्याचा सिद्धान्त, धर्मगुरूंचा अधिकार, ख्रिस्ताचे देवत्व यांविषयी त्या प्रश्न विचारतात. बायबलात जे आढळत नाही ते केवळ चर्च सांगते म्हणून मान्य करण्यास त्या तयार नाहीत. भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले असताना तसेच दुसरे मानेवर घेणार नाही, असा त्यांच्या १८८५ मधील एका पत्राचा आशय आहे. क्रूसावरील लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत अक्षरे का नकोत, हा त्यांचा प्रश्न, आणि इंग्लंडातही न सोडलेला शाकाहार, या वरवर किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी याच संदर्भात वाचल्या पाहिजेत. श्रद्धा स्वीकारणे आणि श्रद्धेबरोबर येणाऱ्या समूहाची शिस्त स्वीकारणे यांत त्या स्पष्ट भेद करीत होत्या.

हा भेद करणाऱ्या व्यक्तीस दोन्ही बाजूंनी किंमत द्यावी लागते. मार्च १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदा सदन १८९० मध्ये पुण्यात आले. १८९३ मध्ये तेथील धर्मप्रभावावरून वाद पेटला. रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. हिंदू समाजाच्या दृष्टीने त्या अति ख्रिस्ती होत्या, तर वाँटेजच्या दृष्टीने पुरेशा ख्रिस्ती नव्हत्या. १९०७ मध्ये मूळ इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी सांगितले आहे की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला कळले, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, ख्रिस्त नव्हे. ‘अरुणोदया’च्या रचनेशी हे विधान ताडून पाहावे. येथे बाप्तिस्मा हा मुक्काम उरत नाही. तो वाटेतला एक टप्पा ठरतो.

पुढील शोध कोठे लिहिला गेला? पुणे जिल्ह्यातीलच केडगाव येथील मुक्ती सदनात रमाबाईंनी आयुष्याची अखेरची अनेक वर्षे बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर संज्ञांमागून वेदान्ताचे अर्थ नकळत येतात, आणि अल्पशिक्षित स्त्रीला ती भाषा दूरची राहते, अशी त्यांची भूमिका होती. ज्या स्त्रीने संस्कृतच्या बळावर पदव्या मिळविल्या, तिनेच साध्या मराठीसाठी संस्कृत बाजूस ठेवावे, यात त्यांच्या सबंध धर्मशोधाचे सार आहे. मध्यस्थ नको, हा त्यांचा आग्रह. मग तो मध्यस्थ पुरोहित असो, चर्च असो, वा भाषा असो. १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी थोडेच दिवस हे काम पुरे झाले. या भाषांतराकडे भाषांतर म्हणून तर पाहावेच, परंतु रमाबाईंच्या न लिहिलेल्या आत्मचरित्राचा उत्तरार्ध म्हणूनही ते वाचावे, असे सुचवावेसे वाटते.

४. टिळक दांपत्य : वेतन, वेष आणि ओवी

रमाबाईंचा दुसरा त्याग सिद्धान्ताच्या पातळीवर झाला, तर नारायण वामन टिळकांचा व्यवस्थेच्या पातळीवर. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा बरोबर नव्हत्या. पतीने परस्पर घेतलेल्या या निर्णयानंतर दोघांची ताटातूट झाली आणि काही वर्षांनी पुन्हा संसार सुरू झाला. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत अध्यापन, कीर्तन, पद्यरचना आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन, असा टिळकांचा जीवनक्रम होता.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची वेतनाची सेवा सोडली. सातारा येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून तीत स्थान होते. स्वतः त्यांनी ख्रिस्ती संन्याशाची भूमिका पत्करली. टिळकांनी ख्रिस्त सोडला नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे. त्यांनी सोडली ती परकीय संस्थेच्या पगारातून येणारी धर्मसेवेची चौकट, आणि बाप्तिस्मा हीच आतले व बाहेरचे यांमधील सीमारेषा असल्याची समजूत. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. दरबाराची कल्पना पाहिली म्हणजे त्या उद्गारांचा अर्थ अधिक खुलतो. पुलावरून पलीकडे गेल्यावर पूल मोडून टाकावा, असे त्यांना वाटत नव्हते. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी तो उभा राहावा, अशी त्यांची इच्छा होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. दरबाराला फार थोडा अवधी मिळाला आणि संस्था म्हणून तो टिकला नाही.

टिळकांनी या पर्वाचे आत्मकथन लिहिले नाही. ‘अभंगांजली’तील रचना आणि अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हीच त्यांची साक्ष. येथे रूप आणि आशय यांचा अनुबंध विचारात घेण्याजोगा आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी फादर स्टीफन्सने ‘क्रिस्तपुराणा’साठी ओवीची निवड केली, ती मराठी श्रोत्यांपर्यंत पोचण्यासाठी. टिळकांच्या बाबतीत ओवी-अभंग हे केवळ प्रचाराचे साधन नव्हते. ते त्यांच्या धर्मजाणिवेचे मूळ वळणच होते. जात, गाव, नातलग सोडता आले, छंद सोडता आला नाही. आणि पुढे त्या छंदानेच मिशनच्या उपासनापद्धतीपेक्षा वेगळी वाट दाखविली.

या जीवनाचे कथन केले ते लक्ष्मीबाईंनी, ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) मध्ये. या ग्रंथाच्या विनोदाविषयी आणि बोलभाषेविषयी भरपूर लिहिले गेले आहे. प्रस्तुत संदर्भात त्यांतील एका धाग्याकडे लक्ष वेधायचे आहे. पतीकडे परतल्यानंतरही लक्ष्मीबाई सोवळे पाळीत राहिल्या. पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. जात कोणी निर्माण केली, देवाने की माणसाने, या विचाराचा उलगडा त्यांच्या मनात झाला तेव्हा तो कोणाच्या उपदेशाने झाला नाही. आणि तो झाल्यावर प्रथम बदलला तो अन्नपाण्याचा व्यवहार, बाप्तिस्मा नंतर आला. म्हणजे टिळकांच्या जीवनात आधी निर्णय आणि मागाहून आचार, तर लक्ष्मीबाईंच्या जीवनात आधी आचार आणि मागाहून निर्णय, असा उलट क्रम दिसतो. निबंधाच्या आरंभी ज्याला शरीरात मुरलेला आचार तपासण्याचे काम म्हटले, त्याचा इतका प्रामाणिक वृत्तान्त मराठीत विरळा.

हे लक्ष्मीबाईंनाच का साधले? एक कारण असे संभवते की, त्यांना कोणत्याही निर्णयाचे समर्थन करायचे नव्हते. धर्मांतरिताच्या आत्मकथनावर समर्थनाचे ओझे असते. जुन्या समूहाला उत्तर द्यायचे असते आणि नव्या समूहाला निष्ठेची खात्री पटवायची असते. लक्ष्मीबाईंनी हे ओझे बाजूस ठेवले, म्हणूनच पतीच्या औदार्यापायी घरात उद्भवणारी चणचण आणि त्याच पतीविषयीचा आदर ही दोन्ही त्यांच्या निवेदनात एकमेकांना न पुसता राहतात. पतीने अपुरे सोडलेले ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच पुढे नेऊन पूर्ण केले, ते १९३८ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले.

५. धर्मानंद कोसंबी : चीवर उतरविल्यानंतर

आतापर्यंतची उदाहरणे ख्रिस्ती धर्माशी निगडित होती. हा प्रश्न एका धर्मापुरता नाही, हे कोसंबींच्या जीवनावरून दिसून येते. गोव्यातील साखवाळ येथील या तरुणाने एका मासिकातील बुद्धविषयक लेख वाचला आणि बौद्ध धर्माच्या ज्ञानाचा ध्यास घेतला. १८९९ मध्ये पत्नी व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून तो पुण्यात आला, भांडारकरांना भेटला. पुढे ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, कलकत्ता असा भटकत १९०२ मध्ये सिंहलद्वीपास पोचला. तेथे विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांकडे त्याने प्रव्रज्या घेतली.

‘निवेदन’ (१९२४) या त्यांच्या आत्मचरित्रात हा पहिला त्याग कमालीच्या अलिप्तपणे सांगितला आहे. काशीत संस्कृत शिकण्यासाठी ब्राह्मण विद्यार्थी म्हणून अन्नछत्रात जेवणे भाग पडले. म्हणजे बुद्धाकडे जाण्याची वाट ब्राह्मण्याच्या पंगतीतून गेली. हा विरोधाभास लेखकाने टीकाटिप्पणीवाचून नोंदविला आहे. कुटुंबत्यागाची टोचणीही त्यांनी लपविलेली नाही.

१९०६ मध्ये कोसंबींनी भिक्षूचे चीवर उतरविले. संघ हाही विनयाच्या नियमांनी बांधलेला समूहच. आणि भारतात पाली विद्या व बुद्धविचार पोचविण्याच्या कार्याला ते नियम सोयीचे ठरत नव्हते. हा त्यांचा दुसरा त्याग. त्यांनी श्रद्धा सोडली नाही, सदस्यत्व सोडले. ते पुन्हा गृहस्थ झाले, कलकत्त्यास पाली शिकवू लागले आणि पुढे महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून सयाजीराव गायकवाडांच्या महिना ५० रुपयांच्या साहाय्यावर कलकत्ता विद्यापीठातील अधिक वेतनाची जागा त्यांनी सोडली. हार्वर्ड येथे ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनाचे काम, १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन, १९३० मधील मिठाच्या सत्याग्रहात सहभाग, १९३७ मध्ये परळच्या कामगारवस्तीत बहुजन विहार, असा हा संघाबाहेरील बौद्धाचा जीवनक्रम होय.

‘निवेदना’नंतर कोसंबी तेवीस वर्षे जगले, आणि त्यांच्या शोधाचा सर्वांत धाडसी भाग या तेवीस वर्षांतला आहे. तो ‘हिंदी संस्कृती आणि अहिंसा’ (१९३५), ‘भगवान बुद्ध’ आणि मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेला ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ या ग्रंथांत आला आहे. ‘भगवान बुद्धा’त गृहत्यागाचे पारंपरिक कारण, म्हणजे जरा, व्याधी व मृत्यू यांचे दर्शन, बाजूस सारून शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला आहे. चरित्रलेखनाच्या या निवडीमागे लेखकाचा स्वानुभव असावा, असे म्हणण्यास जागा आहे. ज्याने स्वतः घर सोडले होते, त्याला गृहत्याग हा संसाराचा कंटाळा म्हणून नव्हे, तर हिंसेत सहभागी होण्यास दिलेला नकार म्हणून समजून घ्यायचा होता. अखेरच्या ग्रंथात तर त्यांनी अहिंसा, सत्य, अस्तेय व अपरिग्रह या चार यामांमध्ये बुद्ध, महावीर, येशू, समाजवाद आणि गांधी यांचा समान पाया शोधला, आणि संप्रदायांचा परिग्रह वाढला की त्यांचा ऱ्हास कसा होतो हे दाखविताना जैन वा बौद्ध कोणाचीही गय केली नाही.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले. शरीर कार्यक्षम उरले नाही असे वाटल्यावर त्यांनी आहार क्रमशः सोडला होता. मरणाची ही रीत श्रमणपरंपरेतली, विशेषतः जैनांची. मरणारा बौद्ध, आणि स्थळ गांधींचा आश्रम. कोणत्याही एका समूहाच्या नोंदवहीत हा मृत्यू पुरता मावत नाही.

६. काही निष्कर्ष

या उदाहरणांची तुलना केली असता तीन गोष्टी पुढे येतात.

पहिली, दुसरा त्याग म्हणजे परत फिरणे नव्हे. रमाबाई, टिळक, कोसंबी यांपैकी कोणीही प्रायश्चित्त घेऊन जुन्या समूहात गेले नाही. परंतु जुन्या समूहातील काही गोष्टी त्यांनी परत मिळविल्या. रमाबाईंनी ग्रंथार्थ स्वतः लावण्याचा पंडिताचा अधिकार, टिळकांनी अभंग आणि संन्यास, कोसंबींनी श्रमणांचे तप. वारसा आणि सदस्यत्व या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना दोनदा बाहेर पडल्यावर उमगले.

दुसरी, तिघांच्याही शोधाचा परिणाम संस्थेच्या मापाने मोजला तर विषम दिसतो. मुक्ती सदन टिकले, दरबार विरला, आणि कोसंबींनी स्वतःचा संप्रदाय काढलाच नाही. वाङ्मयाच्या मापाने मात्र तिघांचेही कार्य टिकाऊ ठरले. ज्याला आता समूह उरला नाही, तो भाषेशी अधिक निकटचे नाते जोडतो, असा याचा अर्थ घेता येईल.

तिसरी गोष्ट वाङ्मयप्रकारांविषयीची. आत्मचरित्राला शेवट लागतो, आणि धर्मांतरिताच्या आत्मचरित्राला तर निर्णायक शेवट लागतो. शोध मात्र अनिर्णीत असतो. म्हणून त्याने दुसरे प्रकार धुंडाळले. या लेखकांचा अभ्यास करताना ‘साक्ष’, ‘स्मृतिचित्रे’, ‘निवेदन’ यांच्याबरोबर रमाबाईंचे बायबल, ‘ख्रिस्तायन’ आणि ‘चातुर्याम धर्म’ हे ग्रंथ ठेवले नाहीत, तर आपल्या हाती अर्धे चरित्र येते.

महाविद्यालयीन अध्यापनात हे अर्धेपण विशेष जाणवते. ‘स्मृतिचित्रे’चे विनोदी उतारे आणि रमाबाईंचे सामाजिक कार्य शिकविले जाते, धर्माचा प्रश्न नाजूक म्हणून टाळला जातो, किंवा त्याग योग्य की अयोग्य एवढ्या वादात तो संपविला जातो. वर्गातील एखादा विद्यार्थी वा विद्यार्थिनी स्वतः अशाच उंबरठ्यावर उभी असू शकते. घराचा आचार पटत नाही, नवा पटेल याची खात्री नाही, आणि सोडले तर आपले काय उरेल ही भीती. तिला या वादाचा उपयोग नाही. उपयोग आहे तो या माहितीचा, की तिच्या आधी मराठीत काही माणसे या वाटेने गेली; त्यांना बाहेर पडल्यावर लगेच घर सापडले नाही; काहींना ते कधीच सापडले नाही; आणि तरीही त्या वाटचालीत त्यांनी भाषेला अशी पुस्तके दिली, जी सुरक्षितपणे आत राहून लिहिली गेली नसती.